जायला सोळा तास, यायला साडेचौदा : असं का?

प्रश्न : जानेवारीत मुलाकडे न्यू जर्सीला निघाले आहे. तिकिटावर मुंबईहून निघायची वेळ रात्री 1.30 आणि पोचायची त्याच दिवशी सकाळी 7. मार्चअखेरच्या परतीला सकाळी 11.30 ला निघून दुसऱ्या दिवशी 11.30 ला मुंबई. हे कसं मोजायचं? शिवाय नातू म्हणतो, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे अमेरिकाच आपल्याकडे येत असते. मग जाताना उलट कमी वेळ लागायला हवा ना?
– एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : बाई, आधी हिशोब उरकू. तिकिटावर त्या-त्या गावाची वेळ छापतात. जानेवारीत न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असते. साडेपाचात साडेदहा मिळवा, झाले सोळा. परतीला मात्र साडेदहा धरू नका. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे करतात, त्यामुळे फरक साडेनऊचा उरतो. चोवीसातून तो वजा केला की साडेचौदा.

आता नातवाकडे वळतो. प्रश्न झकास आहे, पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. विमान त्या हवेतून उडतं, त्यामुळे खालून अमेरिका सरकत आली असं होत नाही. खरा खेळ वाऱ्याचा. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण विषुववृत्त आणि थंड ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकातून ते जोर धरतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. म्हणजे नातवाची पृथ्वी मागच्या दाराने आलीच! हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात.

मी मुंबईच्या सहार विमानतळावर विमानांचे फ्लाइट प्लॅन, म्हणजे वाटेचे आणि इंधनाचे आराखडे, करत असे. खोलीत शिरलेला कॅप्टन चहाआधी वाऱ्याचा तक्ता मागायचा, कारण किती इंधन घ्यायचं ते त्यावरच ठरतं. मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरा. सबंध वाटेवर सरासरी 60 चा वारा समोरून आला तर जवळजवळ पंधरा तास, तोच पाठीशी असला तर तेरा. फेब्रुवारी 2020 मध्ये अटलांटिकवर वादळी वारा पाठीशी असताना एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं.

शिवाय सरळ अंतर कागदावरच. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो पाकिस्तान, रशिया करत आइसलंडच्या आसपासून जातो. पण 2022 पासून अमेरिकन कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मग घाला वळसा. येताना आम्ही मुद्दाम जेट स्ट्रीममध्ये शिरायचो, जाताना त्याला बगल द्यायचो. त्यामुळे दोन्ही वाटा क्वचितच सारख्या. धावपट्टीपर्यंत रांगेत जाणारा वेळही तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो, न्यूयॉर्कच्या बाजूला तो बऱ्यापैकी जातो.

समोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग, दिसतो, त्यावर लक्ष ठेवा. जाताना 800 च्या आसपास दिसला तर समोरून वारा आहे. परतीला हजाराच्या वर गेला तरी घाबरू नका. आणि मुलाला सांगा, सातला विमान टेकलं तरी इमिग्रेशनच्या रांगेमुळे तुम्ही बाहेर यायला साडेआठ सहज वाजतील.