अल्फा, बीटा आणि एक राहिलेला फोन

प्रश्न : नववीच्या वर्गात मुलं एकमेकांना 'इन्सेल' म्हणून चिडवतात. अर्थ विचारला की फिदीफिदी हसतात. ही शिवी आहे का?
– एक शिक्षिका

उत्तर : आता शिवीच झाली आहे. मूळ शब्द मात्र दुखावलेल्या माणसांचा. मनात असूनही जोडीदार मिळत नाही अशांसाठी १९९७ मध्ये कॅनडातल्या एका विद्यार्थिनीनं संकेतस्थळ सुरू केलं. स्त्रिया, पुरुष सगळेच तिथं यायचे. 'इन्सेल' म्हणजे नाइलाजानं एकटे राहिलेले, एवढाच अर्थ होता. पुढे बायकांवर डूख धरणाऱ्या पुरुषांच्या टोळक्यांनी तो उचलला. २०१८ मध्ये टोरंटोत व्हॅनखाली माणसं चिरडणाऱ्या तरुणानं त्याच्या काही मिनिटं आधी फेसबुकवर याच शब्दाचा जयघोष केला होता. वर्गात एवढंच सांगा. मुलं हसतील असं वाटत नाही.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं अचानक बोलणं बंद केलं, कारणही सांगितलं नाही. तेव्हापासून मी एका ऑनलाइन ग्रुपमध्ये आहे. तिथं आल्यावर पहाटे उठायला लागलो, अकरा किलो वजन उतरवलं, पॉर्न सोडलं. आजोबा गेले त्या रात्री ग्रुपवर लिहिलं, तर 'रडू नको भावा, वजन उचल' असं उत्तर आलं. तेव्हा बरं वाटलं. पण ताई म्हणते, तू विषारी झालायस. 'बायकांना यातलं काही कळत नाही' असं मी तिला एकदा म्हणालो, तेव्हापासून ती बोलतच नाही. मुलींना अल्फा, म्हणजे वरचढ पुरुषच हवे असतात, बीटा म्हणजे पडखाऊ नकोत, ८० टक्के मुली वरच्या २० टक्के पुरुषांच्या मागे असतात, हे तर आकड्यांनी सिद्ध झालंय. मग माझं चुकलं कुठं?
– एक वाचक

उत्तर : वयानं माझ्या मुलासारखा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. अकरा किलो ही चेष्टा नाही. पण ते तुझ्या घामानं उतरलेत, त्याचं श्रेय ग्रुपला कशाला देतोस?

ही विद्या काही इंटरनेटनं आणलेली नाही. मी विशीत असताना वसतिगृहात आमच्या एका सीनियरकडे निळ्या पुठ्ठ्याची वही होती. मुलींशी कसं वागायचं याचे नियम तिच्यात होते. सातवा अजून पाठ आहे : 'तिच्या पत्राला एकवीस दिवस उत्तर द्यायचं नाही. किंमत वाढते.' मी रोज रात्री कॅलेंडरवर एक फुली मारायचो. सतराव्या दिवशी तिचं दुसरं पत्र आलं. 'घरी काही वाईट झालंय का? मी काही करू शकत असेन तर कळव.' ते मी सीनियरला दाखवलं. तो म्हणाला, 'बघ, नियम लागू पडला.' आणि मला ते पटलं! ती काळजी करत होती आणि मी जिंकल्याच्या ऐटीत होतो. उरलेल्या चार फुल्याही मारल्या. बाविसाव्या दिवशी पत्र टाकलं, त्याला उत्तर आलं नाही.

न सांगता बोलणं बंद केलं म्हणून तू दोन वर्षं जळतो आहेस. मी नेमकं तेच केलं होतं, वहीत बघून. तुमच्या ग्रुपमध्येही 'मेसेजला लगेच उत्तर देऊ नका' हा धडा असणारच.

आता आकडे. ८०-२० च्या बाजूनं जो दाखला हमखास काढतात, तो 'ओकेक्यूपिड' या डेटिंग संकेतस्थळानं २००९ मध्ये मांडलेल्या माहितीचा. बायकांनी ८० टक्के पुरुष दिसायला मध्यमपेक्षा खालचे ठरवले, हे खरं. पण त्याच लेखात पुढे असंही होतं, की बायका मेसेज मात्र अशा पुरुषांनाही पाठवत होत्या. आणि पुरुषांचे दोन तृतीयांश मेसेज सगळ्यात देखण्या एक तृतीयांश मुलींकडे जात होते. ग्रुपवर यातलं पहिलं वाक्य फिरतं, बाकीची गळतात.

अल्फाची गोष्ट तर आणखी मजेशीर. १९४७ मध्ये प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेन्केल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. जनावरं एका कुंपणात कोंडलेली, त्यामुळे वरचढ कोण यावरून सतत गुरगुर. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं 'जो वरचढ तो अल्फा' ही कल्पना सर्वदूर पोचवली. नंतर हेच मेक कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समीर बेटावर कित्येक उन्हाळे रानातल्या लांडग्यांजवळ राहिले, आणि १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे अल्फा कोण, तर बाप! आपलंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले, ते २०२२ मध्ये एकदाचं थांबलं. कुंपणातले लांडगे तुमच्या ग्रुपला मात्र चपखल बसतात, हे माझं आगाऊ मत.

तिथं कोर्स विकतात का, हे तू लिहिलेलं नाहीस. पोरांना इंटरनेटवरून 'मर्दानगी' शिकवणाऱ्या अँड्र्यू टेटच्या कोर्सला नवा माणूस आणला की आणणाऱ्याला कमिशन मिळायचं. म्हणून पोरांनी त्याच्या बोलण्याचे तुकडे कापून जिकडेतिकडे टाकले. ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबनं त्याला हाकलेपर्यंत ते घराघरातल्या फोनवर पोचले होते. या धंद्यात गिऱ्हाईक बरं होऊन चालत नाही. उद्या तुझं कुणाशी छान जमलं, तर तुझा महिन्याचा हप्ता बुडाला.

हे सगळं तू वाचशील आणि खोडूनही काढशील, वयच तसं आहे. मला खरं बोलायचंय ते तुझ्या एका वाक्याबद्दल. 'तेव्हा बरं वाटलं', असं तू लिहिलंयस. त्या 'तेव्हा'वर मी अडलो. नंतर काय वाटलं, ते तू लिहिलेलं नाहीस. आजोबांवर तुझी माया असणार, नाहीतर रात्री अनोळखी माणसांना कशाला सांगायला गेला असतास? आणि त्यांच्यापैकी एकानंही 'आजोबा कसे होते रे?' असं विचारलं नाही.

ताईला फोन कर. अल्फा-बीटाचा विषय काढू नकोस, 'माझंच बरोबर होतं' हे तर नकोच. चुकून बोललो, एवढं म्हण आणि आजोबांचा विषय काढ. ते तिचेही आजोबा होते, आणि ते गेल्यावर तुम्ही दोघं त्यांच्याबद्दल एकदा तरी बोललात का, याची मला शंका आहे. ती पहिल्या फोनला उचलणार नाही कदाचित. एकवीस दिवस थांबू नकोस, दुसऱ्या दिवशी परत कर.