वाचक विचारतात : बाजारपेठेतून चालायचे कसे?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेचा रस्ता जेमतेम 12 मीटर रुंद आहे. पदपथावर भाजीवाले, कडेला दुचाकी, आणि माणसे रस्त्याच्या मधून चालतात. फेरीवाल्यांना उठवावे, असे व्यापारी म्हणतात. ते योग्य आहे का?

उत्तर : नाही. आधी दुचाकी हलवा. दोन दुचाकींच्या जागेत एक हातगाडी उभी राहते. हातगाडीवर दिवसभर गिऱ्हाईक येते. दुकानमालकाची आणि नोकरांची दुचाकी मात्र सकाळी लावली की रात्रीच निघते.

मग रस्त्याची वाटणी करा. दोन्हीकडे दुकानांलगत 2 मीटर पदपथ पूर्ण मोकळा, त्यापुढे 2 मीटर विक्रीपट्टा, मधे 4 मीटर एकेरी वाहतूक. विजेचे खांब, झाडे, कचऱ्याचे डबे, सगळे विक्रीपट्ट्यातच. विक्रेत्यांची तोंडे पदपथाकडे हवीत. रस्त्याकडे असली तर दुचाकीस्वार गाडीवर बसूनच भाव विचारतो आणि मागे रांग लागते. हातगाडी 1.2 मीटर रुंद धरली तर विक्रीपट्ट्यात गिऱ्हाइकाला उभे राहायला 80 सेंटिमीटर उरतात, तेवढे पुरतात. ही जागा ठेवली नाही, तर गिऱ्हाईक पदपथ अडवते आणि बोल विक्रेत्याला लागतो.

पदपथ असूनही लोक खाली का चालतात, तेही पाहा. बहुतेकदा तो फार उंच असतो आणि दर चार दुकानांनंतर तुटतो. उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. तेवढ्या उंचीला 1.8 मीटर लांबीचा उतार लागतो. ताडपत्रीच्या दोऱ्या मानेला लागतात, म्हणून 2.2 मीटरच्या खाली काही बांधू देऊ नका. त्याऐवजी छत्रीचा दांडा रोवायला जमिनीत पाइप बसवून द्या. गटाराच्या जाळ्या पाल्याने तुंबतात, तेव्हा त्या रोज बाजार उठल्यावर साफ व्हायलाच हव्यात.

उठवण्याबद्दल कायदाही स्पष्ट आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. नंतरही 30 दिवसांची नोटीस लागते. याच कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात. आखणी त्या समितीपुढे न्या. कुठे बसले तर भाजी खपते, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही.

प्रश्न : वाहनांना रस्ता बंद झाला तर धंदा बसेल, या भीतीचे काय करावे?

उत्तर : भीती खरी आहे, म्हणून आधी खर्च न करता करून पाहा. पुणे महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर फक्त पादचाऱ्यांसाठी ठेवला होता. पण एका दिवसाला जत्रेचे रूप येते. तुम्ही तीन आठवडे करा, आठवडी बाजाराचे दिवस त्यात धरून. चुन्याच्या रेषा आणि बॅरिकेड पुरेत. मालाचे टेम्पो सकाळी 10 च्या आत आणि रात्री 9 नंतर येऊ द्या. ही वेळ आधीच ठरली नाही, तर व्यापारी पहिल्याच दिवशी बॅरिकेड बाजूला करतील. प्रयोगाआधी आणि प्रयोगात, ठरलेल्या दोन ठिकाणी दर तासाला 15 मिनिटे माणसे मोजा. पिशवी घेऊन परतणारे वेगळे मोजा. बैठकीत व्यापाऱ्यांपुढे तोच आकडा ठेवा.