व्हेनिस: विमानतळावरून बस की बोट?

प्रश्न: व्हेनिससाठी दीडच दिवस आहे. सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. विमानतळावरून कसं जावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: बसनेच जा. मार्को पोलो विमानतळावरून 5 नंबरची बस साधारण 25 मिनिटांत पियाझ्झाले रोमाला, म्हणजे शहराच्या तोंडाशी असलेल्या बस-चौकात, सोडते. सान मार्को या मुख्य चौकाकडे जाणाऱ्या बोटीला तासाहून जास्त लागतो. बस-चौकाच्या पुढे मात्र गाडी-रिक्षा काही नाही. पुलांना पायऱ्या, बॅग उचलूनच न्यावी लागते. म्हणून खोली अशी घ्या, की वाटेत पूल नको. संध्याकाळी 1 नंबरच्या वापोरेत्तोने, म्हणजे प्रवासी बोटीने, ग्रँड कॅनाल, म्हणजे शहराचा मुख्य कालवा, बसल्या जागी दाखवा. चढण्याआधी तिकीट धक्क्यावरच्या यंत्राला टेकवा, विसरलात तर दंड. शेंगेन व्हिसाच्या (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं हवं, तेवढं तपासून घ्या.