आमच्याच ऑफिसातल्या मशीनवरचा (ऑन-प्रिमाइस) ओरॅकल डेटाबेस क्लाउडमधल्या पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचाय. व्हेंडर म्हणतो, "टूल सगळं करतं, महिन्याभरात देतो." खरं आहे का? आणि डेटा हलवायला एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउडची) डीएमएस ही सेवा वापरू की ओरा-टू-पीजी हे टूल?

खरं नाही. म्हणजे डेटा जाईल हो, किती जीबी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण छोट्या-मध्यम कंपनीचा असेल तर एका रात्रीतसुद्धा जाईल. पण "सगळं" म्हणणारा माणूस तुमच्या काउंटरवर एक दिवसही बसलेला नाही हे मी इथूनच सांगते.

मी रत्नागिरीत एका मासळीच्या पेढीत सिस्टिम सांभाळते. बर्फाची फॅक्टरी, बोटींना डिझेल, बोटमालकांना सीझनआधी उचल, आणि मासळी उतरून लिलाव झाला की पट्टी, असा सगळा पसारा. हे सगळं ओरॅकल ११जी एक्सईवर होतं, ऑफिसच्या मागच्या खोलीतल्या एका मशीनवर, वर व्हीबीत (व्हिज्युअल बेसिकमध्ये) लिहिलेल्या स्क्रीन. एक्सई म्हणजे ओरॅकलची फुकट आवृत्ती, पण ११जीच्या एक्सईला ११ जीबीची मर्यादा, आणि इतक्या वर्षांच्या पट्ट्या साठून आम्ही त्या मर्यादेला टेकलो होतो. त्यात खारी हवा, पावसाळ्यात लाइटची ये-जा, मशीनचे पार्ट गंजायचे. म्हणून एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये आरडीएस पोस्टग्रेस (मशीन एडब्ल्यूएस सांभाळतं, आपण डेटाबेस वापरायचा) घ्यायचं ठरलं. निर्णय बरोबर होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शिफ्टिंगसाठी मासेमारी बंदीचे दिवस धरले. १ जून ते ३१ जुलै बंदी, बोटी ओढून झापांनी शाकारलेल्या, काउंटरवर आम्ही माशा मारत बसलेलो. व्हेंडरचे प्रोजेक्ट लीड पहिल्या मीटिंगला आले तेव्हा मी एकच मागितलं, आमचे दिवाणजी प्रत्येक मीटिंगला हवेत. ते कॉम्प्युटर यायच्या आधीपासून पेढीवर आहेत, कुठल्या बोटीचा हिशेब कसा चालतो ते त्यांना तोंडपाठ. लीड म्हणाले, "मॅडम, त्यांना डेटाबेसमधलं काय कळणार, ते आमच्यावर सोडा." मालकांनीही मान डोलावली.

पहिला दणका जुलैतच बसला. सीझनच्या उचलीची यादी छापली तर पानंच्या पानं रक्कम आहे आणि नावाची जागा कोरी. झालं असं की नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असे तीन कॉलम डबल पाइपने (|| या जोडायच्या खुणेने) जोडलेले होते, आणि आमच्याकडच्या कितीतरी तांडेलांचं (बोट चालवणाऱ्यांचं) आडनाव कधी लावलेलंच नाही, तो कॉलम नल, म्हणजे काहीच न भरलेला. ओरॅकलमध्ये नल जोडला तर तो रिकामा धरून बाकीचं नाव छापतं, पोस्टग्रेसमध्ये एक तुकडा नल असला की अख्खं नाव नल. टूलने ते वाक्य जसंच्या तसं उचललं होतं कारण दोन्हीकडे ते चालतं, एररच येत नाही. व्हेंडरच्या टेस्टिंगमध्ये रो काउंट (टेबलमधल्या ओळींची संख्या) जुळले, रकमांची बेरीज जुळली, शेरा "पास". लीडचं म्हणणं, "तुमच्या डेटाची क्वालिटी खराब आहे, आडनावं भरून घ्या." माणसाचं आडनाव नसणं ही डेटाची चूक कशी? शेवटी मी स्वतः बसून सगळीकडे कॉन्कॅट-डब्ल्यूएस हे जोडायचं फंक्शन घातलं, ते नल सोडून देतं.

पण तो काहीच नाही असा प्रकार १ ऑगस्टला झाला. बंदी उठली की पहिल्या रात्री आमच्याकडे रांग असते, मध्यरात्रीपासून बोटी बर्फ भरतायत, डिझेल घेतायत, पावत्यांवर पावत्या निघतायत. पहाटे चारच्या सुमाराला दिवाणजींनी एक पावती बल्बखाली धरली आणि मला हाक मारली, "अगो बाय, ह्यानं कालची तारीख का छापलान?" बघते तर त्या रात्रीच्या झाडून सगळ्या पावत्यांवर ३१ जुलै. डिझेलच्या परताव्याच्या कागदात बंदीतली तारीख गेली की बोटमालकाला सतरा प्रश्न, आणि उचलीचं व्याज आम्ही दिवसावर धरतो, तेही एक दिवस जास्त.

कारण साधं होतं. आरडीएसवर पोस्टग्रेसचा टाइमझोन मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच यात जे काही टाकाल त्याला आदल्या दिवसाची तारीख लागणार. जुन्या कोडमधल्या सिसडेटच्या (आत्ताची तारीख-वेळ देणाऱ्या फंक्शनच्या) जागी टूलने करंट टाइमस्टॅम्प घातलं, ते बरोबरच, पण त्यातली तारीख-वेळ सेशनच्या, म्हणजे त्या कनेक्शनच्या, टाइमझोनने येते हे बघायचं काम माणसाचं. जून-जुलैत सगळं टेस्टिंग दहा ते सहा झालेलं, तेव्हा तारीख बरोबरच यायची, वेळ मात्र साडेपाच तास मागे, आणि पावतीवरची वेळ कोण बघतं? आरडीएसच्या पॅरामीटर ग्रुपमध्ये (सेटिंगच्या यादीत) टाइमझोन एशिया/कोलकाता करून कनेक्शन नव्याने जोडली की पुढच्या पावत्या नीट. पण आधीचं निस्तरायला जीव मेटाकुटीला आला, कारण एकाच कॉलममध्ये शिफ्टिंगच्या आधीच्या नोंदी आपल्या वेळेत आणि नंतरच्या यूटीसीत, त्यात मधे दिवाणजींनी हाताने दुरुस्त केलेल्या काही वेगळ्याच. सगळ्या पावत्यांच्या कार्बन कॉप्या शेजारी ठेवून जुळवल्या, दिवाणजी वाचतायत आणि मी टाकतेय. लीडना फोन केला तर म्हणाले रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये टाइमझोन लिहिलेला नव्हता. हे मला अजून पटलेलं नाही आणि पटणार नाही, ते विचारणं त्यांचं काम होतं, आणि दिवाणजी मीटिंगला असते तर पहिल्याच दिवशी म्हणाले असते की आमचा धंदा रात्रीचा आहे, रात्री चालवून दाखवा.

म्हणून तुम्हाला सांगते, शिफ्टिंग धंदा थंड असताना करा हे सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे, पण थंड दिवसांतल्या टेस्टिंगवर विश्वास ठेवू नका. जुन्या डेटाबेसमधून मागच्या सीझनमधली सगळ्यात गर्दीची रात्र काढा, त्याच नोंदी त्याच वेळेला, म्हणजे खरोखर पहाटे बसून, रोज टाकणाऱ्या माणसाकडूनच नव्या सिस्टिममध्ये टाकून घ्या, आणि छापलेला कागद जुन्या कागदाला लावून बघा. रो काउंट जुळणं म्हणजे काही नाही.

बाकी भराभर सांगते. पैशाचे कॉलम ओरॅकलमध्ये नुसते नंबर म्हणून असतील तर टूल ते डबल प्रिसिजन करून ठेवू शकतं, पैसे अशा फ्लोटमध्ये (अंदाजे दशांशात) ठेवायचे नाहीत, न्यूमरिक करून घ्या. ओरॅकलच्या डेटमध्ये वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते, तिथे टाइमस्टॅम्प लागतो. जुनी मराठी नावं शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाकलेली असतील तर टूलला ती इंग्रजी अक्षरंच दिसतात, ती इमानदारीत तशीच जातील आणि वेब स्क्रीनवर कचरा दिसेल. युनिकोड करून घ्या आणि रफार, जोडाक्षरं माणसाने डोळ्यांनी तपासा.

टूलचं विचारलंत म्हणून, पेढी एक-दोन दिवस बंद ठेवता येत असेल तर ओरा-टू-पीजी पुरे, फुकट आहे. आधी त्याचा एस्टिमेट रिपोर्ट काढा, तो ए, बी, सी असा शेरा देतो आणि किती माणूस-दिवस लागतील तेही. सी आला तर व्हेंडरच्या "टूल सगळं करतं"ला काही अर्थ नाही. डीएमएस तेव्हाच, जेव्हा जुनं चालू ठेवून बदल मागून ओढायचे असतील. ते टेबलमधला डेटा नेतं, सेकंडरी इंडेक्स, सीक्वेन्स, ट्रिगर, प्रोसीजर नेत नाही. सीक्वेन्सचा (पुढचा पावती नंबर देणाऱ्या मोजणीचा) आकडा पुढे नेऊन ठेवायचा राहिला तर पहिल्याच पावतीला डुप्लिकेट कीचा एरर येतो.

हे मी छोट्या पेढीच्या अनुभवावर लिहिलंय, चोवीस तास चालणाऱ्या बँकेला कितपत लागू होईल ते तिथल्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) विचारा. आणि आमच्यासारखे कोकणात असाल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नेटची लाइन घ्या, हायवेच्या कामात केबल तुटली की काउंटर आडवा, क्लाउड तिकडे सुखरूप असून उपयोग नाही. जुनं मशीनही निदान एक सीझन फक्त वाचण्यापुरतं चालू ठेवा.

व्हेंडरचा शेवटचा हप्ता सीझनचा पहिला हिशेब नव्या सिस्टिमवर जुळल्याशिवाय देऊ नका, करारातच तसं लिहून घ्या. आमच्या मालकांनी मी नको म्हणत असताना जुलैअखेरीस सगळे पैसे चुकते केले, आणि ऑगस्टमध्ये लीड आमचा फोन दुसऱ्याला द्यायला लागले.