ऑस्ट्रेलियातला 'कूई मार्च' म्हणजे नेमकं काय होतं?
१९१५ची गोष्ट आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं, तिकडे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर ऑस्ट्रेलियाची माणसं पटापट मरत होती, इकडे सैन्यभरती आटली, तेव्हा न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा गावच्या बिल हिचन नावाच्या प्लंबरने ठरवलं की सिडनीपर्यंत चालतच जायचं आणि वाटेतल्या गावागावातून पोरं गोळा करायची. १० ऑक्टोबरला निघाले तेव्हा जेमतेम पंचवीसेक जण, गाव आलं की "कूऽऽई" अशी आरोळी ठोकायचे (रानात लांबच्याला बोलवायची ही हाक मूळची तिथल्या आदिवासींची बरं का), आणि ५०० किमी तुडवून १२ नोव्हेंबरला सिडनीत पोचले तेव्हा झाले होते २६३! हिचन स्वतः मात्र आघाडीवर गेलाच नाही, १९१६मध्ये इंग्लंडमध्येच आजारपणात वारला, ते वाचून जरा कसंतरीच होतं. १९८७ला आणि शंभरीला २०१५मध्ये लोक त्याच रस्त्याने परत चालले.