वाचकांचे प्रश्न : जुन्या जीपचे नोझल

प्रश्न : माझी 2003 सालची डिझेल जीप अंबड-जालना रस्त्यावर रोज धावते. अलीकडे ती भरलेली असताना काळा धूर सोडते आणि उभी असताना थडथडते. टाकीत औषध ओतून भागेल की इंजेक्टर (इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे भाग) काढून साफ करावे लागतील?

उत्तर : आधी एअर फिल्टर पाहावा, आपल्याकडच्या उन्हाळी धुळीने तो चोंदला असला तरी असाच काळा धूर निघतो, आणि त्याचा खर्च नोझलच्या, म्हणजे इंजेक्टरच्या छिद्रे असलेल्या टोकाच्या, मानाने किरकोळ असतो. औषधाने हलकी काजळी सुटते, पण घट्ट बसलेला थर किंवा झिजलेले नोझल त्याने सुधारत नाही. तेव्हा पंप-नोझलच्या कारागिराकडून इंजेक्टर टेस्टरवर तपासून घ्यावेत : फवारा धुक्यासारखा बारीक सुटला पाहिजे, आणि साफ केल्यानंतरही टोकाशी थेंब लोंबत असेल तर नोझलच बदलावे लागेल. छिद्रे तारेने कोरू देऊ नयेत, कारण त्यांचा आकार बिघडला की फवारा कायमचा वाकडा जातो. फवाऱ्याखाली बोट धरून पाहण्याची काहींना खोड असते. त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत शिरते, मग थेट दवाखानाच गाठावा लागतो. बसवताना तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. शेतावरच्या कॅनमधले डिझेल भरत असाल, तर तळाचा गाळ टाकीत उतरू देऊ नये.