रेट्रो थीम पार्टीसाठी घरातल्या जुन्या कपड्यांतून काही शिवता येईल का? मशीनवर सरळ टीप मारता येते, बाकी फारसं काही येत नाही.

येईल की! सरळ टीप येतेय म्हणजे निम्मं काम झालंच. फक्त आधी दशक ठरवा, कारण लोक घोळ इथेच घालतात, ठिपक्यांचा स्कर्ट, मोठ्ठे गॉगल, कपाळाला पट्टा, सगळं एकदमच अंगावर चढवतात आणि मग शाळेतला फॅन्सी ड्रेस वाटतो. काळ ओळखू येतो तो कपड्याच्या आकारावरून. 1947 मध्ये डिओर या फ्रेंच फॅशन डिझायनरने बारीक कंबर आणि भरपूर घेर आणला, पन्नासच्या दशकात तेच चाललं, साठमध्ये कंबर गायब होऊन सरळसोट आखूड ड्रेस आले, सत्तरमध्ये बेलबॉटम आणि लांब टोकांच्या कॉलर, ऐंशीत नुसते खांदेच खांदे.

तुमच्यासाठी मी बेलबॉटमच म्हणेन. मांडीला घट्ट बसणारी जुनी जीन्स घ्या आणि बाहेरच्या बाजूची शिवण गुडघ्यापासून खालपर्यंत उसवा. बाहेरचीच, कारण आतल्या बाजूला बहुतेक वेळा दुहेरी पक्की शिलाई असते, ती उसवता उसवता जीव जातो. खालची दुमडही त्या जागी थोडी सोडवा. आता त्या फटीत बसेल अशी त्रिकोणी कळी कापायची, उंची फटीएवढी, तळाला 8 ते 10 इंच, शिवणीसाठी दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच जास्त. कापडाचा उभा धागा कळीच्या बरोबर मध्यावर येऊ दे नाहीतर पाय एका बाजूला पिळल्यासारखा दिसतो. तळ सरळ न कापता किंचित गोलाई द्या, नाहीतर दोन्ही टोकं खाली लोंबतात.

खरी कसरत कळीच्या टोकाशी असते, तिथे हमखास चुणी पडते. त्यावर सोपा उपाय म्हणजे फटीच्या कडा आत दुमडून इस्त्री करायची, कळी मागून ठेवायची, आधी हाताने कच्चे टाके घालायचे आणि मग सुलट्या बाजूने काठाकाठाने टीप मारायची. सुई 16 नंबरची लावा, साधी बारीक सुई डेनिमवर मोडते. कळीला मोठ्या फुलांचा किंवा भडक रंगाचा पडदा भारी दिसतो, पण आधी धुऊन घ्या, सुती कापड आटतं आणि लाल रंग तर जातोच जातो.

पन्नासचा घेरदार स्कर्ट हवा असेल तर डबल बेडची चादर पुरते, तिच्यातून पूर्ण गोल कापायचा आणि मधे कंबरेसाठी भोक ठेवायचं. चेन लावायच्या भानगडीत पडू नका, इलॅस्टिक घाला, मात्र मग मधलं भोक कंबरेवर नाही तर सीटच्या, म्हणजे नितंबांच्या, मापावर काढायचं, माप भागिले 6.28 म्हणजे त्रिज्या (सीट 38 असेल तर साधारण 6 इंच). कापून झाल्यावर रात्रभर टांगून ठेवा, उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा आलेला, भाग आपल्याच वजनाने खाली येतो, मग कड सारखी करून दुमडा. हे टाळलंत तर पार्टीत घेर खालीवर दिसणार.

आणि ऐंशीचे खांदे? जुन्या शर्टात आतून फोमचे तुकडे टाचले की झालं, त्याला शिवणकाम म्हणायचीही गरज नाही.